पल्सनंतर मिळालेला पेशीच्या आतला सिग्नल दहा मिनिटांत का विरतो? व्होल्टेज वाढवण्याआधी काय तपासायचं

लक्षण नेहमीचं आहे. इलेक्ट्रोड ॲरेवर (सूक्ष्म इलेक्ट्रोडांच्या जाळीवर) हृदयस्नायूपेशींचा थर छान धडधडतोय, चॅनेलवर काही शे मायक्रोव्होल्टचा टोकदार बाह्य (पेशीबाहेरून टिपलेला) सिग्नल दिसतोय. इलेक्ट्रोपोरेशनचे, म्हणजे पेशीपटलाला तात्पुरती छिद्रं पाडणारे, व्होल्टेजचे पल्स दिले की काही चॅनेलवर चित्र पालटतं. टोकाच्या जागी रुंद, एकाच दिशेचा, वर पठार असलेला ॲक्शन पोटेन्शियल (क्रियाविभव, म्हणजे प्रत्येक ठोक्याला पेशीच्या आतल्या विभवात होणारा चढउतार) येतो, पाच-दहा मिलिव्होल्ट उंचीचा. मग तो मिनिटामिनिटाला खचत जातो आणि थोड्या वेळाने जुना टोकदार सिग्नल परत येतो. पुन्हा पल्स, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला व्होल्टेज वाढवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तो इलेक्ट्रोड मुका झालेला असतो.

सिग्नल खचणं हा आपोआप बिघाड ठरत नाही. पल्सने पेशीपटलाला पाडलेली छिद्रं पेशी बुजवते, जिवंत पेशीने तेच करायला हवं. २०१२ साली स्टॅनफर्डच्या गटाने प्लॅटिनमच्या नॅनोखांबांवर घेतलेल्या नोंदींमध्येही पहिल्या दोन मिनिटांत उंची तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आली होती आणि दहा मिनिटांनी जवळपास काही उरलं नव्हतं. त्यामुळे सपाट इलेक्ट्रोडवर सिग्नल पाच मिनिटं टिकत असेल, तर कदाचित तुमचं काहीच चुकत नाहीये.

अडचण अशी की ‘उंची कमी झाली’ या एका लक्षणामागे निदान चार वेगळी कारणं असतात: पटल भरून आलं, सील (पेशीची इलेक्ट्रोडवरची घट्ट पकड) सैल झालं, इलेक्ट्रोड किंवा ॲम्प्लिफायर सिग्नल गिळतोय, किंवा पेशीच मरतेय. व्होल्टेज वाढवणं हा यातल्या फक्त पहिल्यावर उपाय आहे, तोही मर्यादित. उरलेल्या तिघांत त्याने नुकसानच होतं.

सिग्नल वाटेत कुठे सांडतो

पेशीच्या आत क्रियाविभवाची उंची सुमारे १०० मिलिव्होल्ट असते. इलेक्ट्रोडवर त्यातले किती पोचतील ते आधी दोन रोधांवर ठरतं. एक, इलेक्ट्रोडसमोरच्या पटलाच्या तुकड्याचा रोध. त्याला पटलरोध म्हणू. दुसरा, पेशी आणि इलेक्ट्रोड यांच्यातल्या बारीक फटीतून बाहेरच्या द्रवाकडे जाणाऱ्या वाटेचा रोध, म्हणजे सीलरोध. इलेक्ट्रोडला मिळणारा हिस्सा म्हणजे सीलरोध भागिले दोन्हींची बेरीज.

आकडे घालून बघा. सीलरोध २० मेगाओहम, अखंड पटलाचा रोध १००० मेगाओहम: १०० मिलिव्होल्टचे उरतात जेमतेम २. पल्सने पटलरोध १०० मेगाओहमवर आला की मिळतात १६.७. पटल अर्धवट भरून रोध ४०० वर चढला की ४.८. आता उलट करून बघा: पटल तसंच उघडं, १०० मेगाओहमवर, पण सील २० वरून ५ मेगाओहमपर्यंत सैल झालं. मिळतात ४.८. स्क्रीनवरच्या नुसत्या उंचीवरून या दोन स्थिती वेगळ्या करता येत नाहीत. पॅच क्लॅम्प या जुन्या पद्धतीत पेशीला चिकटवलेली काचेची नळी गिगाओहमचं सील देते म्हणून तिथे ही चिंता नसते. ॲरेवर सील काही मेगाओहम ते शंभरेक मेगाओहमच्या पट्ट्यात असतं आणि सगळं त्याच्यावर लोंबकळतं.

यानंतर दुसरी गळती. इलेक्ट्रोडची स्वतःची कपॅसिटन्स (भार साठवण्याची क्षमता) आणि तारेपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची स्ट्रे, म्हणजे नको असलेली, कपॅसिटन्स यांचा आणखी एक विभाजक बनतो. गुळगुळीत प्लॅटिनमची कपॅसिटन्स दर चौरस मायक्रोमीटरला साधारण ०.२ ते ०.५ पिकोफॅरड धरा. १० मायक्रोमीटर व्यासाच्या इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ ७८ चौरस मायक्रोमीटर, म्हणजे ३० पिकोफॅरडच्या आसपास. स्ट्रे १० पिकोफॅरड असेल तर तीन-चतुर्थांश सिग्नल पुढे जातो. पण नुसते दोन-चार नॅनोखांब उघडे ठेवून बाकी सगळं इन्सुलेशनखाली झाकलं, तर इलेक्ट्रोडकडे २ पिकोफॅरडच उरतात, आणि १२ पैकी २ म्हणजे एक-षष्ठांश सिग्नल पुढे जातो. खांब पेशीत कितीही सुंदर रुतले असोत, पाच-षष्ठांश सिग्नल तारेतच सांडला. यावर उपाय पृष्ठभाग वाढवण्याचा: प्लॅटिनम ब्लॅक, इरिडियम ऑक्साइड किंवा पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचा थर. पल्सशी याचा काही संबंध नाही.

आधी ॲम्प्लिफायरवरचा संशय मिटवा

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्याला पेशी लागत नाहीत, म्हणून ते पहिलं.

बाह्य सिग्नलसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा) बहुतेकदा हजाराच्या पुढे असतो. गेन १२०० आणि आउटपुटची मर्यादा ±४ व्होल्ट असेल तर आत जेमतेम ±३.३ मिलिव्होल्ट मावतात. आठ मिलिव्होल्टचा क्रियाविभव त्यात वरून कापला जातो, आणि वाईट म्हणजे कापलेला माथा अगदी छान पठारासारखा दिसतो. खऱ्या पठाराला हलका उतार असतो, त्यावर नॉइजची लव दिसते. कापलेला माथा पट्टीने ओढल्यासारखा सपाट, नॉइजशिवाय, आणि प्रत्येक ठोक्याला नेमक्या त्याच उंचीवर असतो. वेळेचा अक्ष ताणून माथ्यावरचे पन्नास-शंभर नमुने डोळ्यांनी बघा. कापला गेला असेल तर गेन खाली आणा. अशा नोंदीत पहिली काही मिनिटं सिग्नल ‘स्थिर’ वाटतो आणि मग अचानक खचायला लागतो. प्रत्यक्षात तो सुरुवातीपासूनच खचत असतो, आपल्याला दिसत नसतो.

दुसरा चोर हाय-पास फिल्टर, म्हणजे सावकाश बदल गाळून टाकणारा. चेतापेशींच्या स्पाइकसाठी ठेवलेली ३०० हर्ट्झची सेटिंग कोणाकडून तरी तशीच राहून जाते आणि पठार मुळापासून गायब होतं. पण त्याहून सौम्य सेटिंगही नडते. १ हर्ट्झच्या साध्या फिल्टरचा काल-स्थिरांक (सिग्नल साधारण एक-तृतीयांशावर ओसरायला लागणारा वेळ) १५९ मिलिसेकंद असतो. ३०० मिलिसेकंद लांबीच्या पठारातले ८५ टक्के त्यात ओघळून जातात. ०.१ हर्ट्झला १७ टक्के, ०.०१ हर्ट्झला २ टक्के. म्हणून क्रियाविभवाचा कालावधी मोजायचा असेल तर ०.१ हर्ट्झ ही तडजोड आहे हे लक्षात ठेवा. शक्य तिथे डीसी जोडणी (सावकाश बदल न गाळणारी) वापरा आणि बेसलाइनचं सरकणं नंतर गणिताने काढा. सॅम्पलिंग प्रतिसेकंद १० हजारांच्या खाली नेऊ नका, चढाचा वेग हवा असेल तर २० हजार.

फिल्टर सेटिंगमध्ये न दिसणारा हाय-पासही असतो. ॲम्प्लिफायरचा इनपुट रोध १ गिगाओहम आणि इलेक्ट्रोडची कपॅसिटन्स ३० पिकोफॅरड यांचा मिळून काल-स्थिरांक ३० मिलिसेकंद होतो, म्हणजे ५ हर्ट्झचा फिल्टर कोणी न लावता लागलेला असतो. कनेक्टरच्या पिनांवर मीडियम (पेशींचा पोषकद्रव) सांडून वाळलं असेल तर १ गिगाओहमसुद्धा उरत नाही. पॅड आणि पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरड्या करा. ही एक पुसणी कितीतरी ‘जैविक’ कोडी सोडवते.

आता ठोस चाचणी. ॲरेत फक्त फॉस्फेट बफर सलाइन भरा. रेफरन्स इलेक्ट्रोड ग्राउंडवरून काढून सिग्नल जनरेटरला जोडा, १ किलोओहम आणि १ ओहमच्या विभाजकातून. जनरेटरवर १ व्होल्ट म्हणजे द्रवात १ मिलिव्होल्ट. १०, १०० आणि १००० हर्ट्झच्या साइन लहरी एकेक मिनिट नोंदवा. सगळ्या वारंवारतांना चॅनेल सारखंच कमी दाखवत असेल, उदाहरणार्थ ०.४ मिलिव्होल्ट, तर स्ट्रे कपॅसिटन्सचा विभाजक खातोय. १० हर्ट्झला कमी आणि १००० ला पूर्ण, तर इनपुट रोध किंवा ओली पिन. १००० ला कमी, १० ला पूर्ण, तर तारेचा रोध वाढलाय किंवा लो-पास (वेगवान बदल गाळणारा) फिल्टर खाली राहिलाय. प्रत्येक चॅनेलचा हा गुणक लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक उंचीला त्याने भागायचं आहे.

पल्सनंतर काही सेकंद चॅनेल सपाट किंवा भिंतीला टेकलेला दिसणं हा वेगळा मुद्दा, आणि किरकोळ. इलेक्ट्रोडवर उरलेला भार ओसरेपर्यंत ॲम्प्लिफायर बधिर असतो. दोन्ही फेजचा (धन आणि ऋण भागांचा) भार समान असलेले पल्स द्या, पल्स संपल्यावर इलेक्ट्रोड थोडा वेळ ग्राउंडला जोडा, आणि पल्सच्या काळात इनपुट बंद ठेवणारी ब्लँकिंगची सोय असेल तर वापरा.

दुसरा पल्स हीच चाचणी

इलेक्ट्रॉनिक्स स्वच्छ निघालं की पेशींकडे वळा. कारण ओळखायला उंचीपेक्षा आकार जास्त सांगतो, आणि दुसऱ्या पल्सला मिळणारं उत्तर त्याहून जास्त. क्रम असा ठेवा.

१. दोन मिनिटं नुसता बाह्य सिग्नल नोंदवा. त्याची टोकापासून टोकापर्यंतची उंची लिहा.
२. ठरलेल्या सर्वांत कमी व्होल्टेजचे पल्स द्या. पहिली ३० ते ६० सेकंद मोजमापातून वगळा. त्या वेळी पेशी छिद्रांमधून गळत असते, ठोक्यांची लय बिघडलेली असते.
३. दर ३० सेकंदांनी उंची, पठाराचा आकार आणि ठोक्यांचा दर लिहा, दहा मिनिटं.
४. अगदी त्याच सेटिंगने पुन्हा पल्स. व्होल्टेजला हात लावायचा नाही.

दुसऱ्या पल्सने उंची जवळपास पहिल्याइतकी परत आली, आणि मधल्या काळात क्रियाविभवाच्या सुरुवातीला जुना बाह्य टोकदार भाग हळूहळू डोकं वर काढत होता, तर पटल भरून येतंय. सील ठीक आहे.

दुसऱ्या पल्सने काही फरक पडला नाही, आणि मागे उरलेला बाह्य सिग्नलही क्रमांक एकमध्ये लिहिलेल्या उंचीपेक्षा लहान आहे, तर सील सैल झालंय. बाह्य सिग्नललाही तोच सीलरोध लागतो, म्हणून तो उत्तम साक्षीदार. पेशीने पूर्ण इलेक्ट्रोड झाकला असेल तर इम्पिडन्सही (बदलत्या प्रवाहाला होणारा इलेक्ट्रोडचा विरोध) साक्ष देतो: सील असताना तो उघड्या इलेक्ट्रोडच्या आकड्यापेक्षा चढा असतो, सील सुटलं की त्या आकड्याकडे घसरतो. मोजताना लहर १० मिलिव्होल्टपेक्षा मोठी नको.

आकारच बदलत गेला, पठार आखडून त्रिकोण झाला, त्या जागची लय शेजारच्या चॅनेलशी जुळेना, तर पेशी जखमी आहे. तिच्यावर तिसरा पल्स टाकू नका. पंधरा-वीस मिनिटं सोडून पुन्हा बघा; बाह्य सिग्नल परतला तर ती वाचली.

पटल भरून येत असेल तर

पहिला प्रश्न स्वतःला: खरंच जास्त वेळ हवा आहे का? औषधाच्या एका मात्रेसाठी दोन-तीन मिनिटांची चांगली नोंद पुरते. दर १५ मिनिटांनी त्याच कमी व्होल्टेजने पुन्हा उघडणं, दोन मिनिटं नोंदवणं, पुन्हा भरू देणं, हे पेशीला एका जोरदार पल्सपेक्षा कितीतरी जास्त मानवतं. तापमान उतरवलं तर छिद्रं हळू बुजतात हे खरं, पण त्याच तापमानाने क्रियाविभव लांबतो, म्हणजे जे मोजायचं तेच बदललं. ३७ अंशांवरच राहा.

सलग नोंद हवीच असेल तर उत्तर इलेक्ट्रोडच्या आकारात आहे. २०१४ मध्ये इरिडियम ऑक्साइडच्या पोकळ नॅनोनळ्यांवर एका बैठकीत तासाभरापर्यंत स्थिर नोंद आणि त्याच पेशींवर आठ दिवसांहून जास्त रोज पुन्हा नोंद शक्य झाली. पटल नळीच्या पोकळीतही शिरतं आणि पकड घट्ट होते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सोन्याच्या अळंबीच्या आकाराचे इलेक्ट्रोड पेप्टाइडच्या थराने मढवले, तर ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीच्या मोठ्या चेतापेशी त्यांना स्वतःहून गिळतात. तिथे पल्सची गरजच पडत नाही. सस्तन प्राण्यांच्या लहान चेतापेशी इतक्या उदार नसतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या कामात ४०९६ प्लॅटिनम-ब्लॅक इलेक्ट्रोडच्या चिपवर उंदराच्या १७०० हून अधिक चेतापेशींची आतली नोंद १९ मिनिटं मिळाली. तिथे नोंद घेतानाच इलेक्ट्रोडमधून सूक्ष्म प्रवाह सोडून पटल उघडं राखलं होतं. लेझरच्या झोताने इलेक्ट्रोडच्या टोकापाशीच छिद्र पाडायची वाटही आहे, पण त्यासाठी वेगळं ऑप्टिकल बाकडं उभारावं लागतं.

सील सैल असेल तर, आणि व्होल्टेज का वाढवू नये

पल्सचं काम पटलावर क्षणभर मोठा विभव टाकण्याचं असतं. तो पडेल की नाही हे सीलच ठरवतं. इलेक्ट्रोडची ३० पिकोफॅरड कपॅसिटन्स सीलरोधातून भरते. सील २० मेगाओहम असेल तर काल-स्थिरांक ६०० मायक्रोसेकंद. मग २ व्होल्टच्या २०० मायक्रोसेकंदांच्या पल्समध्ये इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर शेवटी फक्त ०.५७ व्होल्ट जमतात आणि बाकीचा जोर पूर्ण वेळ फटीवर, म्हणजे पटलासमोर राहतो. सील १ मेगाओहम असेल तर काल-स्थिरांक ३० मायक्रोसेकंदांवर येतो. पटलाला जेमतेम ३० मायक्रोसेकंदांचा धक्का बसतो आणि उरलेल्या पल्सभर ते २ व्होल्ट धातू आणि पाणी यांच्या सीमेवर बसतात. प्लॅटिनमची पाण्यातली सुरक्षित मर्यादा सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत साधारण −०.६ ते +०.८ व्होल्ट आहे. त्यापलीकडे पाण्याचं विघटन, बुडबुडा, स्थानिक पीएचची उसळी. सैल सीलवर व्होल्टेज वाढवणं म्हणजे पाणी फोडणं. बुडबुडा पेशीला उचलतो, सील आणखी सैल होतं, पुढच्या वेळी आणखी व्होल्टेज लागतं, आणि चौथ्या खेपेला धातूचा थर सुटतो. सुरुवातीला सांगितलेला ‘मुका इलेक्ट्रोड’ असा तयार होतो.

याच गणितातून हेही निघतं की सैल सीलवर पल्सची लांबी वाढवून काही मिळत नाही. पटल फोडते ती पल्सची कड. फेज उलटते तिथे विभवाची उडी दुप्पट असते, म्हणून दोन फेजचे छोटे पल्स एका लांब पल्सपेक्षा जास्त काम करतात.

सुरुवात १ व्होल्ट, प्रत्येक फेज २०० मायक्रोसेकंद, सेकंदाला २० च्या गतीने २० पल्स, इतकीच करा. पाव व्होल्टच्या पायऱ्यांनी वर जा, प्रत्येक पायरीनंतर दोन मिनिटं थांबा. एकाच दिशेचा रुंद सिग्नल दिसला की तिथेच थांबा. आणखी उंचीच्या मोहाने पुढची पायरी चढायची नाही. नॅनोखांबांवर २.५ व्होल्टच्या आसपास काम होतं. सपाट इलेक्ट्रोडवर ३ व्होल्टपर्यंत काहीच दिसलं नाही, तर तो इलेक्ट्रोड सोडून द्या आणि सील सुधारायला लागा. पहिल्यांदा सेटिंग ठरवताना ॲरे मायक्रोस्कोपखाली ठेवा. बुडबुडा इलेक्ट्रोडच्या काठावर काळ्या कडेच्या चकचकीत ठिपक्यासारखा उगवतो आणि दोन-तीन सेकंदांत विरतो, स्क्रीनकडे बघत बसलात तर तो निसटतो.

सील सुधारायचं तर पेशी बसवण्यापासून सुरुवात. ३० मायक्रोमीटरच्या इलेक्ट्रोडवर १५-२० मायक्रोमीटरची पेशी बसली की कडेने उघडा धातू राहतो आणि सील उरतच नाही. अशा ॲरेवर पेशींचा सलग थरच हवा. स्टेमपेशींपासून बनवलेल्या हृदयस्नायूपेशी असतील तर इलेक्ट्रोडच्या भागावर फायब्रोनेक्टिन या पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनाचा ५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवा, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, ३७ अंशांवर एक तास. थेंब वाळला तर त्याची कड खरखरीत होते आणि पेशी तिथेच दाटतात, म्हणून भोवती निर्जंतुक पाणी ठेवून ओलावा राखा. नंतर थेंब खेचून काढा आणि लगेच साधारण ५० हजार पेशी ५ ते ८ मायक्रोलिटरमध्ये त्याच जागी सोडा. तासाभराने मीडियम कडेने, हळू. पिपेटचा झोत मधोमध सोडला की पेशी निघून जातात, आणि ते नोंदीच्या दिवशीच लक्षात येतं. सातव्या दिवसाआधी पल्सची घाई नको. चेतापेशींसाठी पॉलिइथिलीनइमाइनचं कोटिंग वापरत असाल तर निर्जंतुक पाण्याने निदान चार वेळा धुवा. उरलेला थर विषारी असतो. कोटिंग जितकं जाड तितकी फट रुंद, आणि रुंद फट म्हणजे कमी सीलरोध, त्यामुळे ‘थोडं जास्तच घालू’ ही वृत्ती इथे थेट अंगाशी येते.

धडधडणारी पेशी प्रत्येक ठोक्याला सील ओढते. उंची ठोक्यागणिक वरखाली होत असेल तर ब्लेबिस्टॅटिन ५ ते १० मायक्रोमोलर देऊन आकुंचन थांबवा आणि तुलना करा. चढउतार थांबला तर दोष हालचालीचा होता. निळ्या प्रकाशात ब्लेबिस्टॅटिन बिघडतं आणि पेशींना घातक ठरतं, म्हणून मायक्रोस्कोपचा दिवा बंद ठेवा. बाष्पीभवनाकडेही लक्ष असू द्या. उघड्या ॲरेवर तासाभरात मीडियममधल्या क्षारांचं प्रमाण वाढतं, पेशी आक्रसतात, आणि सगळ्या चॅनेलवर एकदम सावकाश बदल दिसतो. सगळीकडे एकदम झालेला बदल पटल भरण्याचा सहसा नसतो. वायू आरपार जाऊ देणारं पण बाष्प अडवणारं एफईपी या प्लास्टिकच्या पातळ पडद्याचं झाकण लावा.

नॅनोखांब कोरडेच राहिले असतील तर

हे दिसत नाही आणि वारंवार होतं. खांबांच्या दाटीत हवा अडकली की द्रव फक्त माथ्यांवर टेकतो. पेशी तिथे बसते, पण इलेक्ट्रोडचा बराचसा पृष्ठभाग कोरडा असतो. खूण: सलाइनमध्येच १ किलोहर्ट्झचा इम्पिडन्स अपेक्षेच्या कितीतरी पट, आणि मोजणीगणिक वेगळा. ऑक्सिजन प्लाझ्मा एक मिनिट, नाहीतर ७० टक्के इथेनॉलचा थर देऊन तो न वाळवता पाण्याने तीनदा बदलणं. प्लाझ्माने पृष्ठभागाला आलेली पाणी धरण्याची ओढ टिकाऊ नसते, त्यामुळे त्यानंतर ॲरे पाण्यातच ठेवा आणि कोटिंग त्याच दिवशी उरका. वापरलेला ॲरे १ टक्का टर्गाझाइममध्ये (एन्झाइम असलेला डिटर्जंट) रात्रभर भिजवून भरपूर क्षारमुक्त पाण्याने धुवा. अल्ट्रासॉनिक बाथ नाही, कापसाचा बोळा तर अजिबात नाही: खांब मोडतात, आणि मोडलेले खांब साध्या मायक्रोस्कोपखाली नीट दिसतही नाहीत.

खचत्या सिग्नलवरून औषधाचा परिणाम मोजताना

उंची मिलिव्होल्टमध्ये कधीच तुलनेला घेऊ नका, ती पटलरोधाची गोष्ट सांगते. प्रत्येक ठोका त्याच्याच उंचीने भागून १०० टक्क्यांवर आणा आणि कालावधी मोजा: ३०, ५० आणि ९० टक्के पुनर्ध्रुवीकरणापर्यंतचा, म्हणजे विभव माथ्यावरून तितका खाली उतरेपर्यंतचा. सिग्नल लहान होत गेला तरी तो निव्वळ पटलाआडचा क्रियाविभव असेल तोवर हे आकडे हलत नाहीत.

ते हलतात केव्हा? बाह्य टोकदार भाग मिसळायला लागला की. तो क्रियाविभवाच्या माथ्यावर चढतो, १०० टक्क्यांची खूण त्या टोकाला जाऊन बसते आणि पठार आपसूक खाली गेल्यासारखं दिसतं. मग ३० टक्क्यांचा कालावधी एकाएकी कोसळतो, ९० टक्क्यांचा मात्र फारसा बदलत नाही. नेमकं असंच चित्र कॅल्शियम वाहिनी रोखणारं औषधही काही अंशी दाखवतं, म्हणून घोटाळा होतो. उपाय सोपा: पठाराच्या मध्यावरची उंची आणि माथ्याची उंची यांचं गुणोत्तर पल्सनंतरच्या दुसऱ्या मिनिटाला लिहून ठेवा. औषधाशिवायच्या नोंदीत ते एक-पंचमांशाहून जास्त घसरेल तिथपासून पुढचा भाग टाकून द्या. तो क्षण मग तुमच्या ॲरेसाठी नोंदीची कमाल लांबी ठरतो.

दर बॅचला दोन ओळखीची औषधं चालवा. ई-४०३१ (पोटॅशियम वाहिनी रोखणारं) सुमारे १०० नॅनोमोलर: ९० टक्क्यांचा कालावधी स्पष्ट लांबला पाहिजे. निफेडिपिन (कॅल्शियम वाहिनी रोखणारं): पठार आखडलं पाहिजे. ई-४०३१ देऊनही कालावधी ढिम्म असेल तर पेशींना दोष देण्याआधी फिल्टरकडे परत जा. सोबत औषधाशिवाय फक्त डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकाचं नियंत्रण (तुलनेची नोंद) हवंच, ०.१ टक्क्याच्या वर नाही. ठोक्यांचा दर बदलला की कालावधीही बदलतो, म्हणून दर नोंदवल्याशिवाय आकडा निरुपयोगी.

चेतापेशींवर हेच सगळं करताना हात आखडता घ्या. हृदयस्नायूपेशी गॅप जंक्शनने शेजारणींना जोडलेल्या असतात; एकीला छिद्र पडलं तरी शेजारणी तिचा विश्रांतीविभव सावरून धरतात. एकटी चेतापेशी तेवढ्याच गळतीने विध्रुवित होते आणि स्पाइक द्यायचंच थांबवते. हृदयस्नायूसाठी ठरलेली सेटिंग तिच्यावर थेट वापरू नका. पल्सची संख्या निम्म्यावर आणून पुन्हा १ व्होल्टपासून चढा.

इलेक्ट्रोड निवृत्त कधी करायचा? पहिल्या दिवशीचा सलाइनमधला इम्पिडन्स लिहिलेला असेल तर हे सोपं आहे. धुतल्यावरही आकडा दुप्पट राहिला, तर थर चढलाय किंवा धातू सुटतोय. आणखी एकदा टर्गाझाइम, मग निरोप. आकडा निम्म्यावर आला आणि शेजारच्या चॅनेलचा सिग्नल त्याच्यावर उमटू लागला, तर इन्सुलेशन फाटलंय. त्यातून पुन्हा पल्स दिला तर तो फाटलेल्या जागेतून आजूबाजूच्या पेशींवर पडेल, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तो चॅनेल उत्तेजनाच्या यादीतून काढा आणि ग्राउंडला जोडून ठेवा.